कृतीची वही

यंत्रांचा इतिहास लिहिणाऱ्यांचा सगळा लोभ शोध लावणाऱ्यांवर असतो. इंजिन म्हटले की एक नाव, दिवा म्हटला की दुसरे, तारायंत्र म्हटले की तिसरे. नाव आणि सन दिला की प्रकरण संपले. पण तेच यंत्र दुसऱ्या गावी, दुसऱ्या कारागिराने, पहिल्याला न विचारता पुन्हा कसे उभे केले, हे प्रकरण बहुधा कोणी लिहीत नाही. ज्या कागदावर ती कृती उतरवलेली असते तो कारखान्याच्या भिंतीला खिळ्याने टोचलेला असतो. तेलाच्या बोटांनी मळतो आणि एखाद्या रंगसफेदीत रद्दीत जातो. शोध अजरामर होतो, कृती मात्र मरते.

मला इथे अशाच एका कृतीचा इतिहास सांगायचा आहे. विषय थोडा रुक्ष वाटेल. पण या रुक्ष विषयाच्या पोटात एक जुनाच प्रश्न आहे : एका माणसाला जे करता आले ते त्याच्यामागे दुसऱ्याला करता यावे यासाठी काय लिहून ठेवावे लागते?

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा अंगणाअंगणातून ठिपक्यांच्या रांगोळ्या असतील. ठिपके सर्वांचे सारखेच. पण रेघा कशा जोडल्या यावर कमळ उमलते की कासव होते ते ठरते. रचनाक्षम चिप, म्हणजे जिला 'एफपीजीए' या आद्याक्षरांनी ओळखतात ती, नेमकी अशीच वस्तू आहे. कारखान्यात तिच्यावर फक्त ठिपके घातलेले असतात. रेघा ज्याने ती विकत घेतली त्याने आपल्या घरी ओढायच्या. तीच चिप एका घरी दूरध्वनीच्या यंत्रात बसते, दुसऱ्या घरी रुग्णालयातील तपासणीच्या यंत्रात. आणखी एक साम्य आहे. या जातीच्या बहुतेक चिपांतील रेघा वीज गेली की पुसल्या जातात आणि वीज आली की शेजारच्या स्मृतीतून पुन्हा ओढल्या जातात. संध्याकाळी पुसलेली रांगोळी सकाळी पुन्हा काढावी, तसे. म्हणून इथे रांगोळीपेक्षा रांगोळीच्या वहीला महत्त्व अधिक.

या वहीची पहिली पाने फार साधी होती. १९७५ साली अमेरिकेतील सिग्नेटिक्स कंपनीने ग्राहकाला स्वतः रचता येईल अशी तर्कचिप बाजारात आणली. १९७८ साली मोनोलिथिक मेमरीज या कंपनीत जॉन बर्कनर आणि एच. टी. चुआ यांनी तिच्याहून सुटसुटीत आणि चपळ अशी 'पाल' नावाची चिप काढली. हिच्यात बारीक तारांचे जाळे असे आणि नको असलेल्या तारा विजेच्या झटक्याने जाळून टाकायच्या. जळलेली तार पुन्हा सांधता येत नसे. चूक झाली की चिप केराच्या टोपलीत. कोणत्या तारा जाळायच्या हे ठरवणारा 'पालॅझम' नावाचा कार्यक्रम बर्कनर यांनी फोरट्रान भाषेत लिहिला आणि कंपनीने तो ग्राहकांना मूळ मजकुरासह दिला. म्हणजे समीकरणे ग्राहकाची, कृती कंपनीची आणि दोन्ही उघड्यावर. सगळा मामला पानभर मजकुरात मावत असे. ट्रेसी किडर यांनी १९८१ साली डेटा जनरल कंपनीच्या नव्या संगणकाच्या जन्माची जी कहाणी पुस्तकरूपाने लिहिली, त्या संगणकात याच नवख्या 'पाल' चिपा धाडसाने वापरल्या होत्या.

खरी उडी १९८४ मध्ये पडली. रॉस फ्रीमन, बर्नार्ड व्हॉन्डरश्मिट आणि जेम्स बार्नेट या तिघांनी झायलिंक्स कंपनी काढली. फ्रीमन यांचा हिशेब त्या काळच्या शहाण्यांना उधळेपणाचा वाटला. तेव्हा चिपेवरचा प्रत्येक ट्रान्झिस्टर मोजून-मापून वापरीत. फ्रीमन यांचे म्हणणे असे की ट्रान्झिस्टर लवकरच धान्यासारखे स्वस्त होणार आहेत, तेव्हा काही वाया गेले तरी चालतील, पण ग्राहकाला मोकळीक मिळू द्या. १९८५ साली त्यांची पहिली चिप आली. तिच्यात ६४ तर्कघरे आणि सुमारे ८५,००० ट्रान्झिस्टर होते. फ्रीमन १९८९ साली, ऐन उमेदीच्या वयात वारले. त्यांचा हिशेब किती बरोबर होता हे पाहायला ते राहिले नाहीत. २०१९ साली त्याच कंपनीने जाहीर केलेल्या एका चिपेत ३५ अब्ज ट्रान्झिस्टर होते. म्हणजे पहिलीच्या चार लाख पटींहून अधिक.

आता चौसष्ट ठिपक्यांची रांगोळी माणूस हाताने जोडील. पण लक्षावधी ठिपक्यांची? तिथे माणसाचा हात संपला आणि हत्यारांची साखळी सुरू झाली. पुढचा सगळा इतिहास या साखळीचा आहे, म्हणून तिच्या कड्या थोडक्यात सांगतो.

पहिली कडी वर्णनाची. चिपेने काय करावे हे एका भाषेत लिहायचे. अशा दोन भाषा रूढ आहेत. 'व्हीएचडीएल' ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या गरजेतून निघाली आणि १९८७ साली प्रमाण ठरली. त्या खात्याची अडचण मोठी बोधप्रद होती. लढाऊ सामग्री पिढ्यान्‌पिढ्या वापरायची असते. तिच्यातले भाग बनवणारे मात्र मध्येच धंदा बदलतात. मूळ भाग मिळेनासा झाला की तो पुन्हा बनवता यावा यासाठी त्याचे वर्णन कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या भाषेत लिहून घेणे भाग होते. दुसरी भाषा 'व्हेरिलॉग'. ती गेटवे या कंपनीत फिल मूरबी यांनी १९८४-८५ च्या सुमारास घडवली. त्या कंपनीचे संस्थापक प्रभू गोयल कानपूरच्या आय.आय.टी.चे विद्यार्थी, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.

दुसरी कडी त्या वर्णनाचे तर्कघरांत रूपांतर करण्याची. तिसरी कडी कोणते घर चिपेवर कुठे बसवायचे ते ठरवण्याची, आणि चौथी त्या घरांमध्ये वाटा काढण्याची. तिसऱ्या कडीची युक्ती लोहाराच्या भट्टीतून आली आहे. लोखंड तापवून सावकाश निवू दिले की त्याच्या अंगातील ताण निघून जातात. त्या धर्तीवर कर्कपॅट्रिक, जेलॅट आणि वेकी या तिघांनी १९८३ साली एक गणिती रीत मांडली. आधी घरे वाटेल तशी विखुरायची, मग यदृच्छेने अदलाबदल करीत जायचे. सुरुवातीला वाईट बदलही चालवून घ्यायचे, आणि 'तापमान' उतरत जाईल तसतसे कडक व्हायचे. रीत नामी आहे. पण यदृच्छा आली की तिचा पहिला आकडा आला. हा बीजांक बदलला की तीच रचना निराळ्या जागी बसते. पाचवी कडी वेळ मोजण्याची : चिपेचा ठोका सेकंदाला दहा कोटी असेल तर प्रत्येक वाट दहा नॅनोसेकंदांच्या आत पार व्हायला हवी. ही अट आणि कोणता संदेश चिपेच्या कोणत्या पायावर काढायचा याची यादी, या दोन्ही गोष्टी आपण लिहून द्यायच्या असतात. आणि शेवटची कडी म्हणजे साऱ्या रेघांची शून्य-एकांत केलेली अखेरची नोंद. तीच चिपेत भरतात.

वाचकांच्या ध्यानात आले असेल की आता कृती एका पानाची राहिली नाही. वर्णनाच्या शेकडो फायली, त्यांचा क्रम, हत्यारांची नावे व त्यांच्या आवृत्त्या, बीजांक, पायांची यादी, वेळेच्या अटी. यातले एक जरी बदलले तरी बाहेर येणारी वस्तू बदलते. आणि एक फेरी पुरी व्हायला मोठ्या रचनेत तासन्‌तास लागतात. सकाळी भट्टी लावावी आणि दिवेलागणीला झाकण उघडावे.

अशा साखळ्या सांभाळण्याची अक्कल प्रथम चिपवाल्यांना सुचली नाही. ती कार्यक्रम लिहिणाऱ्यांकडून आली. १९७६ साली बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन नावाचे तरुण संशोधक होते. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एके दिवशी संतापून त्यांच्या खोलीत आले. एक चूक शोधण्यात त्यांची सारी सकाळ गेली होती, आणि चूक तर आदल्या दिवशीच दुरुस्त झालेली! दुरुस्त मजकुरावरून यंत्राची प्रत नव्याने बनवायची तेवढी राहून गेली होती. फेल्डमन यांनाही आदल्या संध्याकाळी तसाच ताप झाला होता. त्यातून 'मेक' हे हत्यार जन्मले. त्याचा नियम घरातल्या कोणत्याही गृहिणीला पटेल असा आहे. काय हवे ते लिहा, ते कशापासून होते ते लिहा आणि कसे करायचे ते लिहा. मग 'मेक' वेळा पाहते. पीठ दळल्यानंतर धान्य बदलले असेल तर पुन्हा दळायचे, नसेल तर आहे ते पीठ वापरायचे. मौज अशी की या हत्यारात कृतीच्या ओळीआधी एक विशिष्ट रिकामी जागा, टॅबच, सोडावी लागते. नुसत्या मोकळ्या जागा चालत नाहीत. ही अट गैरसोयीची आहे हे फेल्डमन यांना काही आठवड्यांतच उमगले. पण तोवर डझनभर लोक ते हत्यार वापरू लागले होते आणि त्यांची घडी मोडू नये म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. डझनभर मित्रांच्या सोयीसाठी राखलेली ती अट पुढे साऱ्या जगाने अर्धशतक पाळली. रूढी कशा पडतात याचे याहून चांगले उदाहरण समाजशास्त्राच्या ग्रंथातही सापडायचे नाही.

चिपांच्या बाबतीत मात्र 'मेक'चे पुरतेपणी जमले नाही. चिपांची हत्यारे एका कामातून डझनावारी फायली ओकतात. त्यांतील कोणती खरी, कोणती उष्टी, हे बाहेरच्याला कळत नाही. शिवाय बहुतेक हत्यारांना चित्रमय पडदा आला. तिथे माणूस बटणे दाबीत जातो आणि बांधणीची जुळणी हत्यार आपल्या पोटातच ठेवते. काम झटपट होते यात शंका नाही. पण बटण दाबल्याचे वाचता येईल असे काही मागे उरत नाही. यावर उतारा मिळाला तो कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या विद्यापीठातून. चिपरचनेची हत्यारे लिहिताना प्रत्येकाला एक स्वतंत्र तुटपुंजी आज्ञाभाषा द्यावी लागते, याचा जॉन औस्टरहाउट यांना वीट आला आणि १९८८ च्या सुमारास त्यांनी सर्वांत बसवता येईल अशी एकच छोटी भाषा तयार केली. तिचे नाव 'टिकल', म्हणजे गुदगुली! नाव थट्टेचे असले तरी चिपरचनेच्या क्षेत्रात तीच राजभाषा झाली. झायलिंक्सने २०१२ साली 'विवाडो' हा नवा संच आणला तेव्हा त्याच्या आज्ञा याच भाषेत होत्या. म्हणजे बटणे दाबून केलेले सारे काम लिहूनही करता येऊ लागले. लिहायचे की नाही, ही ज्याची त्याची बुद्धी.

ही बुद्धी नसली तर काय होते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. एका कारखान्यात, नाव घेण्यात अर्थ नाही, दहा-बारा वर्षे चाललेल्या यंत्रातील एक कार्ड नव्याने बनवायचे होते. रचनेचे वर्णन कपाटात होते. ते करणारा गृहस्थ नोकरी सोडून गेला होता. त्याच्या मागे एका खाली एक अशा अनेक घड्या सापडल्या : 'अंतिम', 'अंतिम नवे', 'अंतिम खरे'. त्यांतील एकीवरून कार्ड उभे राहिले. सकाळी ते छान चाले. दुपारी तापले की चुका करी. कारण वेळेच्या अटींची फाईल घडीत नव्हतीच. हत्याराला कोणी अट सांगितली नाही, म्हणून त्याने लांबच्या वाटा खुशाल काढल्या, आणि उष्णतेने त्या आणखी मंदावल्या. दोन होतकरू अभियंत्यांचे दोन महिने एका हरवलेल्या पानाच्या शोधात गेले. रांगोळीचे चित्र होते; किती ठिपके, किती ओळी, ते कोणी लिहून ठेवले नव्हते.

ही अडचण एका कारखान्यापुरती असती तर मी हा लेख लिहिला नसता. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे जी प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे तिचे उदाहरण घ्या. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. गेल्या दशकात तिचा कायापालट झाला. पूर्वी ती एका वेळी ३२ मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा ऐके. नव्या यंत्रणेत तो ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत गेला. आकाशातून आलेला संदेश अंकांत घेऊन पुढे पाठवण्याचे काम या नव्या यंत्रणेत 'रोच' नावाच्या कार्डांवर सोपवले गेले. ही कार्डे जगभरच्या खगोलविदांनी मिळून, आराखडे खुले ठेवून घडवली आहेत आणि त्यांच्या मध्यभागी झायलिंक्सची 'व्हर्टेक्स-५' जातीची चिप आहे. आता गंमत पाहा. 'विवाडो' या नव्या संचाला ही जुनी जात ओळखताच येत नाही. तिच्यासाठी 'आयएसई' हा आधीचा संच लागतो आणि त्याची शेवटची आवृत्ती निघाली २०१३ साली. म्हणजे त्या चिपेतील रचनेची एक ओळ जरी बदलायची असेल तरी २०१३ ची भट्टी पेटवता आली पाहिजे. दुर्बिणीचे आयुष्य दशकांत मोजतात, हत्याराचे वर्षांत. या दोन आयुष्यांमधल्या दरीवर जो पूल बांधायचा तो कृतीच्या वहीचाच. मालकही बदलतात : झायलिंक्सची जुनी प्रतिस्पर्धी अल्टेरा २०१५ च्या अखेरीस इंटेलने घेतली, खुद्द झायलिंक्स २०२२ साली ए.एम.डी.त विलीन झाली. संरक्षण खात्याची ती जुनी चिंता अशी हरघडी खरी ठरते. फरक एवढाच की त्यांनी वर्णनाची भाषा घडवली, पण कृतीची घडवायची राहिली.

ते काम पुढे खुल्या मंडळींनी हाती घेतले. खुल्या संगणकरचनांवर काम करणारे ओलोफ किंडग्रेन नावाचे स्वीडिश अभियंता आहेत. त्यांनी २०११ च्या सुमारास 'फ्यूजसॉक' हे हत्यार सुरू केले. याची कल्पना अशी की प्रत्येक घटकाबरोबर एक छोटी वर्णनफाईल असावी. तिच्यात या घटकाच्या फायली कोणत्या, तो दुसऱ्या कोणत्या घटकांवर व त्यांच्या कोणत्या आवृत्त्यांवर अवलंबून आहे, आणि लक्ष्य कोणते, म्हणजे नुसती चाचणी घ्यायची की अमुक कार्डासाठी चिप भरायची, हे लिहावे. मग ते हत्यार घटकांची वंशावळ लावते, फायलींचा क्रम ठरवते आणि ज्या कंपनीचे हत्यार असेल त्याला समजेल अशी आज्ञापत्रे स्वतः तयार करते. बांधणीची जुळणी अशी हत्याराच्या पोटातून निघून पुन्हा कागदावर आली.

तरी एक दार बंदच होते. शून्य-एकांच्या शेवटच्या नोंदीत कोणता अंक कोणती रेघ ओढतो हे कंपन्या सांगत नसत. ते दार २०१५ साली उघडले. क्लेअर वुल्फ आणि मॅथियास लॅसर यांनी लॅटिस कंपनीच्या एका छोट्या चिपकुळाची नोंद उलगडली. रीत मोडी वाचणाऱ्याची. रचनेत एकच बारीक बदल करायचा, कंपनीच्या हत्याराकडून नोंद करून घ्यायची आणि आधीच्या नोंदीशी ताडून कोणते अंक बदलले ते पाहायचे. असे हजारो वेळा. त्या आधारावर वर्णनापासून अखेरच्या नोंदीपर्यंतची सारी साखळी खुल्या हत्यारांनी जोडता आली. चिप लहान, पण मुद्दा मोठा होता. कृती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कोणालाही वाचता आली, असे पालॅझमच्या दिवसांनंतर प्रथमच एफपीजीएच्या बाबतीत घडले.

फेल्डमन यांना २००३ साली आणि औस्टरहाउट यांना १९९७ साली संगणकशास्त्रज्ञांच्या मोठ्या संस्थेने गौरवले. तेव्हा कृती लिहिणाऱ्यांची कदर कधीच होत नाही असे म्हणवत नाही. पण कारखान्याकारखान्यातून जे हजारो लोक ही वही नेटकी ठेवतात, हत्याराची आवृत्ती टिपतात, बीजांक लिहितात, अटींची फाईल विसरत नाहीत, त्यांचे काम पाटी-पुसण्याच्या दर्जाचे समजले जाते. रचना करणारा हुशार आणि वही ठेवणारा कारकून, ही आपली जुनी वर्णव्यवस्था नव्या धंद्यातही शिरली आहे.

माझ्या मते कसोटी एकच असावी. रचनाकार गावी गेला आहे, त्याचा दूरध्वनी लागत नाही, कोऱ्या संगणकासमोर नवा माणूस बसला आहे. त्याने एकच आज्ञा द्यावी आणि तीच चिप हुबेहूब तयार व्हावी. असे झाले तर ती रचना संस्थेच्या मालकीची. झाले नाही तर ती अजून एका माणसाच्या डोक्यातच आहे, आणि त्याच्याबरोबर जाणार आहे. आपल्याकडे किती वैद्यांच्या मात्रा, किती विणकरांच्या काठांच्या रीती अशा गेल्या, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. या नव्या कारागिरीला ती वही ठेवणे तुलनेने सोपे आहे; कागद भिजत नाही, शाई पुसट होत नाही. रोजचे काम संपल्यावर अर्धा तास बसून लिहिण्याचा कंटाळा तेवढा करू नये.